प्रत क्रमांक एक

फ्लॉप्या सहा होत्या. सहावीच्या लेबलवर
निळ्या शाईत, तिरक्या हातानं लिहिलेलं:
“अडलात तर फोन करा. रात्री नऊपर्यंत जागी असते.
व्हर्ना टॉलेफसन.”

जमिनीखालचं पाणी किती खोल गेलंय
हे सांगणारा प्रोग्राम. तळघरात बसून
सहा हिवाळे लिहिलेला, डाकोटातल्या अशा गावात
जिथं जानेवारीत गाडीच्या इंजिनालासुद्धा
रात्रभर विजेची ऊब द्यावी लागते.
आमच्या विद्यापीठानं एक प्रत विकत घेतली.
विभागप्रमुख म्हणाले, “लायडेल, सगळ्यांवर टाक.”
मी टाकली.

दोनशे सतरा मशीन.
शनिवार, रविवार आणि सोमवारचा अर्धा दिवस
एक आत, एक बाहेर, ड्राइव्हची ती करकर,
आणि प्रत्येक पडद्यावर तेच उमटायचं:
परवाना क्रमांक एक.
दोनशे सतरा वेळा एक.
लॅबच्या भिंतीवर सूचना होती,
कॉपी करणं म्हणजे चोरी.
तीही मीच लावलेली. चार कोपऱ्यांना चार पिना.

मार्चमध्ये विहिरींचे आकडे उलटे येऊ लागले.
मी फोन केला.
पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज, मग नळ बंद झाला.
“कुठली प्रत?”
“एक,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.
चाळीस मिनिटं तिनं मला बोट धरून नेलं,
ओळीमागून ओळ, एका स्वल्पविरामापर्यंत,
आणि म्हणाली, “चूक माझीच. माफ करा हं.”

त्याच सत्रात हॅडली ब्रुइन्समा नावाच्या मुलीला काढलं,
मैत्रिणीच्या गृहपाठातल्या चौदा ओळी
तिच्या गृहपाठात सापडल्या म्हणून.
साक्षीला मी होतो. ओळी मीच मोजून दिल्या.

एका पोरानं आमच्याकडून घरी नेलेल्या प्रतीवर प्रबंध केला
आणि थेट व्हर्नालाच आभाराचं पत्र टाकलं.
तिथून सगळं उसवलं.
तिनं वकील केला, वकिलानं दावा केला,
आणि आमचे प्रुइटसाहेब कागद नाकाशी धरून
जेमतेम चार मिनिटं बोलले:
विद्यापीठ म्हणजे राज्य. राज्य सार्वभौम.
सार्वभौमाला त्याच्या मर्जीवाचून
केंद्राच्या कोर्टात खेचता येत नाही.
आणि राज्याच्या कोर्टात हा विषय चालतच नाही.

कॉपी केली का,
हे कुणी विचारलंच नाही.
मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.
उत्तर तोंडात धरून बाकावर बसलो,
विरघळेपर्यंत.

कुंपणानं शेत खाल्लं, तर निदान
शेत कुणाचं होतं एवढं तरी गावात बोललं जातं.
इथं कुंपण म्हणालं,
मला दात आहेत की नाहीत
हे बघायचा तुम्हाला अधिकार नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती उभी होती. ठेंगणी,
लोकरीची टोपी, एकाच हातात हातमोजा.
मी आवाजावरून ओळखलं. तिनं मला नाही.
ती तिच्या वकिलाला विचारत होती,
“पण त्यांच्या विहिरींचे आकडे आता बरोबर येतात ना?”

त्या महिन्याच्या पगारातून
मी माझ्या नावानं चेक पाठवला, एका प्रतीचा.
पत्र जोडलं नाही. काय लिहिणार होतो?
नवव्या दिवशी पाकीट आलं.
रीतसर पावती. सहा फ्लॉप्या.
परवाना क्रमांक तीनशे बारा.

सहावीवर छापील लेबल होतं, नुसतं.
मी ती उलटून पाहिली.
मागंही काही लिहिलेलं नव्हतं.