नव्वद मायक्रॉन

मातोसिन्योशला समुद्र गाड्यांवरही येऊन बसतो.
रात्रभर मीठ, दुपारी सार्डिन भाजणाऱ्या शेगड्यांची राख,
आणि आज शटर उघडायच्या आत आदेलिनु किंतेला,
हिरव्या टपाची आपली काळी टॅक्सी घेऊन,
लग्नाला निघाल्यासारखे टाय लावून.

"चमकव, जुसिलेदी. विकायचीय."
मग किल्ली हातातच ठेवून,
"बहुतेक."

काळ्या रंगाशी माझं नऊ वर्षांचं वैर.
पांढरी गाडी पोटात ठेवते, करडी सांभाळून घेते,
काळी चुगलखोर.
दिवा जरा तिरका धरला की भडाभडा बोलते:
ब्रशच्या धुलाईने काढलेली गोल गोल जाळी,
कबुतराने नाण्याएवढा जाळलेला डाग,
डिकीच्या कडेला चाळीस वर्षांच्या बॅगा.

मी मापक टेकवलं.
बॉनेट नव्वद. डावं दार पंच्याऐंशी. मागचं अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे एका केसाहून थोडं जास्त. तेवढ्यावर सगळी अब्रू.
उजवं मडगार्ड: तीनशे दहा.

पुसून पुन्हा टेकवलं.
तीनशे दहा.

"भिंत होती," ते म्हणाले. "लेसाला. ब्याण्णव साली."
मी काही विचारलंच नव्हतं.

जाड पॉलिश नको, मी ठरवलं.
ते ओरखडे झटक्यात खातं, पण मागे धुकं सोडतं,
आणि काळ्यावर धुकं म्हणजे केलेल्या कामाला शिव्या.
मऊ फोम, बारीक पॉलिश, मशीन हळू.
जुना रंग हा, वर पारदर्शक थर नाही,
पॅड काळा होतो, काळाच होत जातो.
त्यांनी पाहिलं आणि दचकले.
"रंग निघतोय की!"
निघणारच. चकाकी बाहेरून आणता येत नाही, काका,
जे आहे त्यातूनच वजा करायची.

मग टेबलावर तीन बाटल्या मांडल्या.
खरं तर दोन बाटल्या आणि एक डबी.

सिरॅमिक: पाच वर्षं. पाणी मण्यामण्यांनी पळतं,
चकाकी काचेसारखी, जराशी परकी.
सीलंट: सहा महिने, मधल्या मार्गाचं, कुणाला न दुखवणारं.
आणि डबीत कार्नाउबाचं मेण,
ते दोन-तीन महिन्यांत उडून जातं,
पण तोवर काळा रंग ओला दिसतो, खोल विहिरीसारखा.

डबीवर ताडाचं चित्र आहे.
चित्रकाराने ते झाड कधी पाहिलेलं नसावं.
सेआरात माझा बाप लांब काठीला कोयता बांधून
त्याची पानं उतरवायचा,
आई बंद खोलीत सुकली पानं झोडपायची,
पूड तिच्या पापण्यांवर बसायची.
एका पानाची पूड चिमूटभरही भरत नाही.
इथे डबी अठ्ठेचाळीस युरोला.
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. भाव करतील.

"पाच वर्षं," ते बाटली उलटसुलट करत म्हणाले,
"डॉक्टर मला नोव्हेंबरपर्यंतच गाडी चालवू देणारेत."
आणि डबी उचलून नाकाशी नेली.

मेण मी बोटांनीच लावते. कापडाला उष्णता नसते.
उजव्या मडगार्डपाशी आले तेव्हा
ते शेजारी उभे होते, टाय सैल,
स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत.

"भिंत नव्हती," म्हणाले.

मी हात थांबवला नाही.
थांबवला असता तर ते पुढचं बोलले असते,
आणि माझ्याकडे तसलं पुसायला काही नाही.
बाहेर कोणी तरी मासे टाकले शेगडीवर, धूर आत आला.
गंमत अशी की घासायला सगळ्यात जास्त जागा
त्या मडगार्डवरच होती.
मी तिथेच सगळ्यात कमी घासलं.

त्यांनी रोख पैसे दिले, वर दोन युरो कॉफीला.
"ऑक्टोबरात पुन्हा मेण लावशील?"
"विकताय ना?"
त्यांनी आरसा नीट केला, जो नीटच होता.

विकणाऱ्या गाडीसोबत कागद द्यावा लागतो,
कुठे किती रंग, त्याचा तक्ता.
सगळे आकडे भरले. तीनशे दहाही.
बदलला नाही मी तो.
शेजारी शेऱ्याचा रकाना असतो.
पेन बराच वेळ तिथे टेकवून ठेवलं,
एक निळा ठिपका तेवढा पडला.