आतली काच

पहिला म्हणाला, होईल.
कोणता कॅमेरा, हे ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला.
तिबिलिसीच्या चढावरचं दुकान, कॉफी छान,
जीभ टाळ्याला लागायच्या आत दर सांगितला.
भिंतीवरच्या काजळीतूनसुद्धा आरपार दिसेल,
संत जसेच्या तसे बाहेर येतील,
परवा या.
त्याच्या टेबलावर एक सेन्सर उघडा पडला होता
आणि त्याला लागून
अर्धी खाल्लेली खाचापुरी.

दुसरे परदेशातले. पत्रं तुपात घोळलेली.
मी विचारलं, काढलेली काच परत देता का?
फोकस कोणत्या लेन्सवर जुळवता? माझ्या की तुमच्या?
उत्तर आलं : आपला प्रश्न आम्हाला मोलाचा आहे.
मग पुन्हा तेच. मग दिवाळखोरासारखी शांतता.

नुत्सा म्हणाली, ओतियाकडे जा,
पण तो तोंडावर नाही म्हणतो, तयारी ठेव.

सुक्या पुलाजवळ, जुनी पदकं आणि बिनकानाचे कप
विकायला बसलेल्यांच्या मागे, सात पायऱ्या खाली.
त्यानं माझा कॅमेरा घेतला, झाकण लावलं,
त्याच मॉडेलचा एक उघडलेला सांगाडा शेजारी ठेवला,
दिवा घालवला, आणि तीस सेकंद
आम्ही दोघं अंधारात गप्प उभे.
मग सांगाड्यातला फोटो दाखवला :
झाकण असूनही कोपरा पेटलेला.
याच्या पोटातच एक दिवा आहे, म्हणाला,
शटरवर नजर ठेवणारा.
आज काच आड आहे म्हणून याला तो दिसत नाही.
काच काढली की दुसरं काही दिसणार नाही.
हा नको.

खिशात नऊशे लारी होते. ते तसेच घेऊन
मी पायऱ्या चढले, आणि का कोण जाणे,
रस्ताभर त्याचाच विचार करत राहिले.

महिन्यानं दुसरा नेला, जुना, कुणाचा तरी वापरलेला.
तेव्हा त्यानं विचारलं, काढायचंय काय?
मी सांगितलं : स्वानेतीतलं लहानसं चर्च,
उत्तरेची भिंत, मेणबत्त्यांनी काळी झालेली.
काजळी काळीच राहील, दारेजान बाई.
कोळसाच तो, या उजेडालाही काळाच.
पण रंगाच्या खाली कुणी कोळशानं रेघ ओढली असेल
तर ती वर येईल. येईलच असं नाही.

नन्नाचा पाढा. मी हसले. तो नाही हसला.

खण उघडून त्यानं एक फोटो काढला :
बर्चची पानं, दुधासारखी पांढरी,
आणि आभाळात मधोमध एक वाकडी काळी रेघ.
केस आहे, म्हणाला. काचेखाली राहिलेला. माझ्या हातून.
चौदा वर्षं झाली. बाईंचे पैसे परत केले.
फोटो मी मागून घेतला.

पावतीवर त्यानं लिहिलं :
तळाशी ओरखडा एक, आधीचा.
शटर एकवीस हजार तीनशे सहा.
पूर्ण वर्णपट, पुढे चाळणी लावणे ग्राहकाकडे.
तीन आठवडे लागतील. घाई असेल तर दुसरीकडे जा.

तीन नाही, पाच लागले.
कॅमेऱ्यासोबत बटर पेपरची एक पुडी,
आत ती काढलेली काच, नखाएवढी पातळ,
उथळ पाण्यासारखी निळसर.
तुमची आहे, म्हणाला. उद्या मन बदललं तर.

चर्चमध्ये दुपारी ट्रायपॉड मांडला.
काजळी काळीच राहिली.
पण तिच्या कडेला, जिथे रंग शिल्लक होता,
संताच्या आशीर्वादाच्या हाताखाली
दुसरा हात निघाला,
चार बोटं खाली, जरा आखूड, चुकलेला.
कुणीतरी मागे सरून पाहिलं असणार,
मान हलवली असणार,
आणि पुन्हा काढला असणार.

मी प्रिंट ओतियाला पाठवली.
त्याचा फोन आला रात्री उशिरा.
हाताबद्दल एक शब्द नाही.
म्हणाला, आभाळाचा एक फोटो काढा, कोरा,
आणि चारही कोपरे
नीट बघून मला कळवा.