खुली जवारी

मालवणहून परतले की अब्बा आधी वास घेतात,
मग विचारतात, "अजून केस ओले कसे?"
मिरजेच्या दुकानात आढ्याला भोपळे टांगलेले,
खाली लाखेचा वास, तुणीचा भुसा.
भुशातच बसते मी कॅमेरा उघडून.

गळ्यात वाकडा भोपळा तंबोऱ्याला चालत नसे.
तो माझ्या पाठीवर यायचा, सुती दोरीनं आवळून,
आणि मुनीरमामू ढकलायचा विहिरीत.
बुडूच देत नसे मेला.
वरवर तरंगत मी खालचा अंधार बघायची.
तिथं एक कासव राहतं म्हणत.
मला कधी दिसलं नाही.

मालवणात पहिल्या दिवशी
फिलीपनं कमरेला शिसं बांधलं.
मी हसले, नळी सुटली, खारं पाणी थेट नाकात.
त्याला काय सांगणार.

सहा मीटर. नऊ.
लाल रंग आधी जातो; मेंदी काळी पडली.
टॉर्च मारला तर खडक पेटलाच:
केशरी प्रवाळ, आणि त्यावर
पेराएवढी जांभळी गोगलगाय,
शंख नाही, नुसती झालर.
तिच्यापायी अर्धी टाकी हवा संपवली.
सत्तावीस फोटो वाया.
अठ्ठाविसाव्यात ती वळली.

अब्बा चष्मा कपाळावर सरकवतात.
गोगलगायीला नुसतं "हं."
समुद्रघोड्यापाशी मात्र थांबतात,
मानेच्या बाकावर बोट ठेवून:
"ही खुंटी कुणी कोरली?"

मग बराच वेळ काही नाही.
एक तार छेडतात, सोडून देतात.
"आवाज असतो का गं तिथं?"

असतो. लोक शांतता म्हणतात, पण तसं नाही.
आधी आपलाच श्वास, बुडबुडे.
आणि दोन श्वासांच्या मधे
चहूकडून बारीक तडतड,
तेलात मोहरी पडावी तशी, पण न संपणारी.
कोळंब्या नांग्या वाजवतात म्हणे.
दिसत एकही नाही.

ते घोडीवर, तारेखाली, सुताचा दोरा सरकवतात.
केसभर पुढं. केसभर मागं.
तार अचानक बोलायला लागते.
"म्हणजे जवारी खुली आहे," म्हणतात,
गिऱ्हाइकाचा तंबोरा पास करावा तसं.

मी कॅमेरा पुसून ठेवते.
ते पुन्हा लाखेकडे वळतात, पाठमोरे.
"शिसं किती बांधतात?"
सहा किलो, मी सांगते.
"आणि माझ्याएवढ्या माणसाला?"