हवं असेल तर

मे महिना. सिव्हिल लाइन्स.
कूलरमधलं पाणी संपत आलं की वाळ्याच्या ताट्यांचा वास बदलतो.
चार वर्षं त्याच्या तोंडासमोर बसून
मी 'नळजोडणी नावावर करून घेण्याचा अर्ज' बनवते.
बनवते म्हणजे,
डावीकडची चौकट उचलायची, उजवीकडे आणून ठेवायची,
तिला नाव द्यायचं. पूर्ण नाव. झोन. मीटर क्रमांक.
आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लाल चांदणी:
हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

निनावे साहेब म्हणतात, सगळ्यांनाच चांदणी लाव.
(आडनाव निनावे, आणि नावाची चौकट
एक दिवस रिकामी चालत नाही त्यांना.)
"मोकळं सोडलं का लोकं सोडूनच देतात, बाप्पा."

खरं आहे. पण चांदणी लावली की लोक
टिंब देतात. आडवी रेघ देतात. चार शून्यं देतात.
सहमालकाच्या चौकटीत बोखारा रोडवरच्या एकाने लिहिलं होतं:
देवच जाणे.
सॉफ्टवेअरने ते मुकाट्याने घेतलं.

म्हणून मी तळाशी एक भाग ठेवला, ऐच्छिक.
दिसायला एकच ओळ, शेजारी बोटाएवढा बाण:
जुन्या जोडणीधारकाविषयी काही नोंदवायचे असल्यास
येथे टिचकी मारा.
मारली नाही तर खाली काहीच नाही.
झाकलेलं नाही, लपवलेलं नाही,
नाहीच.
पंगतीत वडाभाताचं पातेलं घेऊन येणारा
पानावर आडवा हात दिसला की पुढे सरकतो,
आणि न वाढलेल्याची जागा पानावर उरत नाही,
तसं.

"कायले वाढवून राहिली फॉर्म?"
वाढत नाही सर,
जो उघडेल त्याच्यापुरताच वाढतो.
साहेबांनी प्रिव्ह्यू वरखाली केला,
बाणावर टिचकी काही मारली नाही.

अकरा दिवस कोणीच मारली नाही.
दोनशे चौदा अर्ज. खरेदी, वाटणी, वारसा, इतर.
दोनशे पंधरावा तांडापेठेतून,
धकाते, तुळशीराम.
भाग उघडलेला.
आत काही नाही.

मागच्या बाजूने पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं:
एक खूण उघडल्याची, लगेच एक मिटल्याची,
मधे एक मोकळी जागासुद्धा नाही.
बाकी दोनशे चौदांत या दोन खुणाच नाहीत.
यंत्राला हा फरक कळतो.
साहेबांच्या तक्त्यात दोन्हीकडे शून्य येतं.

काउंटर तीनवर अर्ज भरून देणाऱ्या झोडापेला विचारलं.
"हातमागवाला होता मॅडम. पन्नाशीचा असन.
नळ बायकोच्या नावानं होता.
म्या विचारलं, इथं काही लिहू का? म्हणे, उघड.
उघडलं. मंग पाहत राहिला, पाहत राहिला,
मांगं लाइन बोंबलून राहिली.
मंग म्हणे, काही लिहू नोको.
म्या मिटवाले गेलो
त हात धरला ना त्यानं माहा.
म्हणे, राहू दे. तसंच पाठव."

शुक्रवारी नवी आवृत्ती काढायची होती.
साहेब म्हणाले, तो खालचा भाग उडव,
एकानंही भरला नाही.
मी तो निवडला. कडा निळ्या झाल्या.
सॉफ्टवेअरने विचारलं:
या भागातील माहितीही काढली जाईल. पुढे जायचे?

होय. नाही.
दोन्हींवर चांदणी नव्हती.

मी उठले. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.
ताट्या भिजेपर्यंत तिथेच उभी राहिले.
परत आले तेव्हा स्क्रीन काळा पडला होता
आणि प्रश्न त्याच्यामागे
अजून तसाच उघडा होता.