चाळणीत राहिलं ते

तापीकाठच्या पांढरीवर तिसऱ्या खड्ड्याची माती
झेलाबाई चाळते, मी वेचतो.
शिंपा, कोळसा,
मग तांदळाच्या कणीएवढा
एक जबडा. तीन दाढा शाबूत.

घरउंदीर, मी म्हणालो.
हा आपल्या पायांनी एवढ्या लांब येत नाही,
धान्याच्या पोत्यातून येतो, होडीच्या तळातून,
माणसं हलली की हलतो.
दूर समुद्रातल्या बेटांवर चिचुंद्र्या सापडतात,
आपल्या किनाऱ्यावरच्यांच्या सख्ख्या.
तांडेल कोण होता,
कुठल्या देवाला काय कबूल करून निघाला,
कुणी लिहून ठेवलं नाही.
चिचुंद्रीच्या रक्तात तेवढी नोंद उरली.

झेलाबाईने जबडा तळहातावर घेतला,
फुंकर घातली नाही, उडून गेला असता.
"धरण व्हयनं तवय," ती म्हणाली,
"आम्हीन गाव सोडं. गाडावर कणगी,
कणगीमा हाऊ.
नवा गावमा मना पहिले
हाऊच उतरना."

मी वहीत लिहिलं: थर चौथा, डावा जबडा.
मजुरांच्या यादीत तिचं गाव
लिहायचं राहिलं होतं, तेही विचारलं.
"पाणीखालनं का वरलं?"
रकाना एकच होता.

दुपारी तिने फडकं सोडलं.
कळण्याच्या भाकरीची कड
रात्रीतून कुणीतरी कुरतडलेली.
तेवढी मोडून तिने
चाळलेल्या मातीच्या ढिगावर ठेवली,
उरलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली.