बलाश

वृंदाला सलग दुसरी ड्युटी लागली,
सुहास दुक्मला साइटवर, बुधवारी येणार;
म्हणून शुक्रवारी दुपारी चार वाजता
तिची दोन मुलं, एक स्वेटर, एक इनहेलर
आणि ‘पलाशला गार काही देऊ नकोस’ एवढं एक वाक्य
माझ्या ताब्यात आलं.

सोहारच्या या जत्रेला जत्रा म्हणायचं का
यावर गाडीतच भांडण.
जत्रेत देव लागतो, मृण्मयी म्हणाली.
आठ वर्षांची आहे. कुडाळकडच्या एका जत्रेत
खाजं चावताना तिचा दात पडला होता,
त्यामुळे तिच्या शब्दाला वजन.
देव पार्किंग शोधत असेल, पलाश म्हणाला.
असेलही. आम्हालाच पाऊण तास लागला.

आत समुद्राचा वारा, मिशकाकचा धूर, जनरेटरची धडधड.
नक्षीच्या टोप्या घातलेले बाप, खांद्यावर पोरं;
एका फोनमध्ये मावायला वाकलेल्या पाच फिलिपिनो मुली.
पाचशे बैशांना एक कुपन.
अकरा वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या जहाजांचे हिशेब ठेवते,
पण कुपनं कुठे गेली, विचारू नका.

पाळणा वर जाऊन थांबला
तेव्हा मृण्मयीने माझं मनगट धरलं.
हात नाही, मनगट. नर्सची मुलगी.
खाली बंदराचे दिवे, लांब रिफायनरीची ज्योत.
‘तिकडे आई,’ ती म्हणाली.
हॉस्पिटल तिकडे नव्हतं.
मी हो म्हटलं.

उतरलो. तिच्या सँडलचा पट्टा लावायला वाकले.
उठले, तर पलाश नाही.

पुढचं सलग आठवत नाही.
फुगेवाला. उंट.
दुसऱ्याच कुणाचा तरी लाल स्वेटर,
त्याच्या आईचा चेहरा, मी खांदा धरल्यावरचा.

हरवलेल्यांच्या तंबूत एक बाई,
काळ्या अबायावर पिवळं जॅकेट, पुढ्यात छापील कागद.
नाव. वय. कपडे.
नातं?
इंग्रजीत एक शब्द आहे, सगळ्यांना बसणारा,
नाडीऐवजी इलॅस्टिक लावलेल्या पायजम्यासारखा;
तो मी दिला. तिला तो पुरेना.
आईकडून की बापाकडून?
आईकडून, मृण्मयी शाळेतल्या अरबीत म्हणाली.
खाला, बाईने लिहिलं.
सख्खी?
मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं.
हो, मी म्हटलं.

अरबीत प नाही.
कर्ण्यातून नाव गेलं: बलाश, वय चार, बलाश.
आणि सगळी जत्रा हसली.
माझे पाय लटपटताहेत, आणि लोक हसताहेत.
‘बलाश म्हणजे फुकट,’ मृण्मयी हळूच म्हणाली.
‘त्यांना वाटतंय, मुलगा फुकट देतायत.’

सापडला हलव्याच्या कढईपाशी.
एक म्हातारा वल्ह्याएवढं उलथणं फिरवत होता
आणि त्याच्या शेपटाला धरून हासुद्धा.
हनुवटीपासून कोपरापर्यंत तूप.
‘गार नव्हतं,’ मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
‘गरम होतं.’
मी पाकीट काढलं. म्हातारा घेईना.
‘बलाश!’ म्हणाला,
आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला
की ढवळायचं राहिलं, हलवा करपायला आला,
शेजारचा मुलगा ओरडला.

साडेदहाला वृंदा आली, गणवेशातच,
डोळ्यांखाली दोन ड्युट्या.
त्रास दिला का गं?
‘नाही,’ मृण्मयीच बोलली. ‘मावशी सख्खी आहे.’
वृंदा हो हो म्हणाली, तिला झोप अनावर,
पलाशला खांद्यावर टाकून निघाली.

रविवारी ऑफिसला निघाले
तर सीटबेल्टचं बक्कल चिकट,
वेलची, गुलाबपाणी, जुनं तूप.
पुसायचं राहू दिलंय.
त्या कागदाची गुलाबी प्रत पर्समध्ये आहे,
रेसिडेंट कार्डाच्या मागे.
त्यात पलाशचं नाव तेवढं चुकलंय.