बेचाळीस दात

अठरा वर्षं अंबडच्या कारखान्यात मी गिअरला दात पाडले.
हॉबिंग मशीन, कटिंग ऑइलचा वास,
भाकरीच्या पहिल्या घासालाही तोच.
बेचाळीस दातांचा गिअर आमचा रोजचा.
एक दात चुकला की अख्खा जॉब भंगारात.

मग ऑर्डरी आटल्या.
तीन शिफ्टच्या दोन, दोनाची एक,
शेवटी उरला वॉचमन, आणि गेटवरचा टर्नर.
टर्नर म्हणजे कुत्रा. नाव आम्हीच ठेवलेलं,
दिवसभर स्वतःभोवतीच फिरायचा म्हणून.

आता माझ्या बॅगेत कुत्र्यांचे टूथब्रश असतात.
हसा. माझा मेहुणा दिनेश अजून हसतो.
बोटावर चढवायचा रबरी ब्रश,
चिकनच्या चवीची पेस्ट, चघळायच्या काड्या,
पाण्यात टाकायचे थेंब.
पहिल्या दिवशी पुस्तिकेत वाचलं:
मोठ्या कुत्र्याला दात बेचाळीस.
गाडी बाजूला लावून
ती ओळ पुन्हा वाचली मी.

त्र्यंबक रोडच्या हॉटेलात मीटिंग झाली.
पुण्याहून आलेल्या पोराने पडद्यावर आलेख दाखवला,
रेघ नुसती वर वर,
वणीच्या गडाच्या पायऱ्या चढावी तशी,
फक्त कुठे दम न खाता.
टक्के मी विसरलो, त्याचे दात लक्षात राहिले,
सरळ, शुभ्र, तपासून पास केलेल्या लॉटसारखे.
तो म्हणाला, नाशिकमध्ये फार वाव आहे.
मी वहीत लिहिलं: वाव.

आहे, खोटं कशाला बोलू.
गंगापूर रोडला डॉक्टर मृण्मयी आहेररावांकडे
शनिवारी बाकावर जागा नसते.
खैरनारांच्या बीगलला भूल देऊन
दातांवरचं किटण काढलं परवा.
बिल बघून खैरनार म्हणाले,
एवढ्यात माझी कवळी झाली असती.
म्हणाले, आणि कार्ड पुढे केलं.
बीगल शुद्धीवर येईपर्यंत
त्याचा पंजा हातात धरून बसले होते,
तोंडाने पुटपुटत,
रामरक्षा असावी.

पिंपळगावच्या एक बाई विचारतात,
द्राक्षं चालतील का ह्याला? घरच्या मळ्यातली आहेत.
द्राक्ष कुत्र्याला विष आहे
हे नाशिक जिल्ह्यात सांगताना जीभ चाचरते.
बाई माझ्याकडे बघतात
जसं काही मी त्यांच्या मांडवाबद्दल वाईट बोललो.
मग दोन ट्यूब घेतात.

दिनेश म्हणतो, दाजी, दात कोरून पोट भरत नाही.
भरतं रे, मी म्हणतो,
फक्त दात दुसऱ्याचे पाहिजेत.

माझी स्वतःची खालची दाढ
दिवाळीपासून ठणकते आहे.
लवंग धरतो. बघू पुढच्या महिन्यात.

काल एका गिऱ्हाइकाकडून परतताना
गाडी आपोआप अंबडला वळली.
कंपनीची पाटी काढलेली, चार बोल्टची भोकं तेवढी.
टर्नर उठला. ओळखलं की नाही देवाला ठाऊक,
शेपूट मात्र हलली.
मी त्याचं तोंड उघडलं, शिकवलंय तसं,
अंगठा ओठाखाली.
वरचे वीस, खालचे बावीस असायला हवेत.
मोजले. मोजायची सवय आहे मला.
एकोणतीस भरले.
डावा सुळा मधोमध तुटलेला,
वॉचमन म्हणाला, बंद झाल्यावर पहिले काही महिने
रात्रभर गेटची सळई चावायचा.

सॅम्पलची ट्यूब काढली.
त्याने पेस्ट चाटली, ब्रश चाटला,
मग टोपण घेऊन पळाला, कडाकडा चावत.
ह्याला केवढे पडतात, वॉचमनने विचारलं.
सांगितलं.
त्याने ट्यूब हातात घेतली, नाकाशी धरली,
बराच वेळ हुंगत राहिला.

मी लवंग दुसऱ्या गालात सरकवली
आणि टर्नर टोपण थुंकेल
म्हणून तिथेच उभा राहिलो.